आईनं माफ केलं, असं म्हणतात

मागच्या महिन्यात चर्चच्या महिला मंडळाच्या सभेत एका चुणचुणीत मुलीनं माझ्या आईची गोष्ट सांगितली, आणि मला ती शेवटपर्यंत बसून ऐकावी लागली, कारण माझे गुडघे आता मला चटकन उठून जाऊ देत नाहीत. विषय होता ‘आईची विश्वासू प्रार्थना’. मुलगी पुण्याहून शिकून आलेली, माइक धरायची सवय असलेली. त्या आईची मुलगी तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसली आहे, हे तिला ठाऊकही नव्हतं. तिच्या गोष्टीत शांताबाई नावाची एक गरीब विधवा होती. ज्या मुलाच्या गाडीखाली तिचा नवरा गेला, त्याच्यासाठी ती रोज गुडघे टेकायची. एक दिवस तो मुलगा रडत तिच्या दारात आला, तिनं त्याला पोटाशी धरलं, माफ केलं, आणि दोन्ही घरं एक झाली. बायकांनी डोळे पुसले. शेजारच्या बाईंनी मला रुमाल देऊ केला. माझे डोळे कोरडे होते आणि कानशिलं तापली होती.

ही गोष्ट मी चाळीसहून अधिक वर्षं अशीच ऐकत आले आहे, आणि दर वेळी ती थोडी अधिक गोड झालेली असते. त्यातून कोर्ट गेलं, नत्थू ड्रायव्हर गेला, माझी चिठ्ठी गेली, आमचं घर गेलं. उरली फक्त गुडघे टेकलेली एक बाई. माझ्या आईला या लोकांनी पाकात मुरवून बरणीत भरून ठेवलं आहे. ती तशी नव्हती, आणि तिची प्रार्थना तर त्याहून नव्हती. मी आता सत्तरीकडे झुकले आहे. माझ्यानंतर खरं सांगायला कोणी राहणार नाही, म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. रागानं लिहिते आहे, हेही आधीच सांगून ठेवते. थंड डोक्यानं लिहायचं म्हणून बरीच वर्षं थांबले, पण डोकं काही थंड झालं नाही.

आम्ही मिशनच्या आवारात राहायचो. दोन खोल्यांचं क्वार्टर, कौलारू, मागच्या बाजूला टिनाची भिंत. बाबा मिशनच्या शाळेत सुतार होते. दानिएल मिस्त्री म्हणून सगळं नागपूर नाही तरी अर्धा जरीपटका त्यांना ओळखायचा. शाळेची बाकं, चर्चच्या व्यासपीठाचा कठडा, लग्नाळू मुलींची कपाटं, सगळं त्यांच्या हातचं. सकाळी मला जाग यायची ती त्यांच्या रंध्याच्या आवाजानं. लाकडाच्या साली वळत वळत खाली पडायच्या आणि मी त्या कानात डूल म्हणून अडकवून शाळेत निघायचे, मग आई ओरडून त्या काढायला लावायची. बाबा चर्चमध्ये खर्जात गायचे आणि बेसूर गायचे. ऑर्गनवाल्या बाई दर रविवारी मान वळवून बघायच्या, पण कडव्यामागून कडवी बाबांचा आवाज काही हलका व्हायचा नाही. उपासनेनंतर घरी मटण असायचं. भिवापूरची मिरची आई स्वतः वाळवून कुटायची, आणि रश्श्यावर असा लाल तवंग यायचा की बाबा पहिला घास घेऊन डोळे मिटायचे, नाक पुसायचे आणि दुसरा घास घ्यायचे. रविवारी दुपारी आमच्या घरी कोणी फारसं बोलत नसे. जेवून बाबा अंगणातल्या खाटेवर पडायचे आणि आई बोर्डिंगच्या संध्याकाळच्या स्वयंपाकाला निघायची.

आई मुलींच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकीण होती. सकाळी साठ मुलींचं, संध्याकाळी साठ मुलींचं. मधल्या वेळात ती घरी येई, आणि तीनच्या सुमाराला धान्याच्या कोठीजवळ गोणपाट टाकून गुडघ्यांवर बसे. तिची प्रार्थना मनातल्या मनात नसे. पाद्रीसाहेब पुस्तकी मराठीत देवाशी बोलायचे, त्यांच्या प्रार्थनेत ‘करुणासागरा’ आणि ‘अनंत उपकार’ असे शब्द यायचे. आई देवाशी बोलायची ती बोर्डिंगच्या भाजीवाल्याशी बोलावं तशी. बापा, तांदळात आज बी खडे निघाले, त्या कोठारवाल्याले जरा लाज दे. बापा, तिसरीतली ती दुर्गवाली पोरगी दोन दिवसांपासून जेवून नाही राहिली, तिच्या घरचं काही बरंवाईट झालं असंन तर तिले कळू दे. बापा, एस्तेरची जीभ लय चालते, तिले आवर. एस्तेर म्हणजे मी. टिनाच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या कुटुंबाला माझे सगळे दोष रोज तीन वाजता ऐकू जायचे आणि त्यांची मुलं मला शाळेच्या वाटेवर ते म्हणून दाखवायची. मी आईला म्हणायचे, हळू बोल, देव बहिरा नाही. ती म्हणायची, मीच बहिरी हाये, मोठ्यानं बोलल्याबिगर मले माझंच ऐकू येत नाही.

अपघात झाला तेव्हा मी अकरावीत होते. बाबा आणि आई सायकलवरून जरीपटक्याला गेले होते, एका कपाटाचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, आणायला आणि आलेच आहोत तर मटार घ्यायला. परतताना दिवेलागण होत होती. आई मागच्या कॅरिअरवर, मांडीवर मटाराची पिशवी. मागून जीप आली. आई रस्त्याकडेच्या गिट्टीच्या ढिगावर फेकली गेली आणि तिचा उजवा हात मोडला. बाबा डोक्यावर पडले. जीप थोडी पुढे जाऊन थांबली, तिच्यातून दोघं उतरले. चालवणाऱ्याच्या बाजूनं उतरला तो सुधीर, आमच्याच चर्चमधल्या शामरावांचा मुलगा, इंजिनिअरिंगला नुकताच गेलेला. दुसऱ्या बाजूनं उतरला तो नत्थू, त्यांचा ड्रायव्हर, सावनेरकडचा. त्याच्या भावांची शेती होती, हा एकटा गाडीवर आलेला. नत्थूनं बाबांचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःचा गमछा बांधला, आणि त्यांना दवाखान्यात नेईपर्यंत तो काढला नाही. सुधीर जागच्या जागी उभा होता. आई सांगायची, त्याच्या तोंडाला मूळचा रंगच उरला नव्हता. बाबा दोन दिवसांनी गेले. मधे एकदाही शुद्धीवर आले नाहीत.

शामराव चर्चच्या पंचांपैकी एक होते, लाकडाची वखार असलेले, आवारात वजन असलेले. दफनाच्या वेळी मूठभर माती टाकायला तेच पहिले पुढे आले. मला आठवतं, मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. काळे, पॉलिश केलेले, आणि त्यांना लाल माती लागू नये म्हणून ते खड्ड्यापासून जरा अंतर ठेवून उभे होते. त्याच संध्याकाळी कळलं की जीप आपण चालवत होतो, असा जबाब नत्थूनं पोलिसांत दिला आहे. नत्थू बारा वर्षं त्यांच्याकडे कामाला होता, त्याच्या दोन्ही पोरांना शामरावांच्या शब्दावर शाळेत घेतलेलं होतं. त्याला काय सांगितलं असेल ते मी आज समजू शकते. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझ्या बाबांना मारणारा मुलगा रोज कॉलेजात जातो आहे.

आणि मग आईनं ते सुरू केलं. हात प्लास्टरमध्ये होता, गोणपाटावर बसताना तिला कोठीचा आधार घ्यावा लागला. मी बाहेरच्या खोलीत होते. मला वाटलं, आता ती रडेल, देवाला विचारेल काहून असं केलं म्हणून. तिनं पहिलं नाव घेतलं नत्थूचं. दुसरं सुधीरचं. बाबांचं नाव नाही, माझं नाही. बापा, त्या पोराले झोप लागत नसंन, त्याच्याजवळ राह्य. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी मुद्दाम भांडी आपटायला लागले. चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना अपराध्यांना क्षमा करायची ओळ आली की मी ओठ घट्ट मिटून घ्यायचे आणि आजूबाजूचे बघतील अशी मान ताठ करायचे. प्लास्टर निघून आई पुन्हा कामाला लागली, त्यानंतर एक दिवस माझा तोल गेला. हातातली ताटली मी भिंतीवर फेकली आणि तिच्या प्रार्थनेच्या मधोमध आत जाऊन विचारलं, बाबांचं नाव तुझ्या तोंडात येत नाही का, त्या खुन्याचं बरं येतं.

आईनं डोळे उघडले. उठली नाही. म्हणाली, “तुह्या बाबाले आता माझ्या प्रार्थनेची गरज नाही. त्या दोघाइले हाये.”

“आणि मला?” मी विचारलं.

तिनं पुन्हा डोळे मिटले. मी आठ दिवस तिच्या हातचं जेवले नाही. बोर्डिंगमधल्या मुलींच्या पंगतीत बसून तिच्याच हातचं जेवायचे, घरी नाही. असल्या रागाला काही अक्कल नसते, पण राग खरा होता आणि आजही मी त्याची माफी मागणार नाही.

केस उभी राहायच्या महिनाभर आधी पाद्रीसाहेब, शामराव आणि आणखी दोन पंच आमच्याकडे आले. बाबांनी बनवलेल्या चार खुर्च्या होत्या, त्यांवर चौघं बसले, म्हणून आई उभी राहिली. ते बराच वेळ गोल गोल बोलत होते. मंडळीचं नाव, बाहेरच्यांसमोर हसं, एका मुलाचं उभं आयुष्य. नत्थूनं जबाब दिलेलाच आहे, त्याला फार तर थोडी शिक्षा होईल, त्याच्या घरच्यांकडे शामराव बघतील. शांताबाईंनी फक्त इतकंच म्हणायचं की अंधार होता, दिसलं नाही. मग शामरावांनी माझ्याकडे वळून अगदी प्रेमानं विचारलं, मला नर्सिंगला जायचं आहे ना. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सिंगच्या शाळेसाठी चर्चची शिफारसीची चिठ्ठी लागायची, आणि त्या चिठ्ठीवर पंचांच्या सह्या. क्वार्टरचाही विषय निघाला. दानिएल मिस्त्री गेले, क्वार्टर शाळेचं, पण बघू, म्हणाले. शेवटी पाद्रीसाहेब म्हणाले, “शांताबाई, तुम्ही त्या मुलासाठी रोज प्रार्थना करता, हे आवारात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही त्याला क्षमा केलीच आहे. मग कोर्टात उभं राहून त्याच्यावर बोट कशाला ठेवायचं?”

आईनं चहाचे कप उचलून ताटात ठेवले. शामरावांच्या कपातला चहा तसाच होता.

“माफ करणं माझं काम हाये, पाद्रीसाहेब,” ती म्हणाली. “खोटं बोलणं कोणाचं काम हाये ते मले माहीत नाही. तिथं दिवे लागले होते, अंधार नव्हता. मी पाहिलं ते सांगीन.” मग तिनं विचारलं, जाण्याआधी प्रार्थना करता का. पाद्रीसाहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, आज उशीर झाला. ते लोक गेल्यावर मी दाराला कडी घातली. आपली आई काय आहे, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं आणि माझा ऊर भरून आला. दुसऱ्याच दिवशी तीन वाजता आतल्या खोलीतून ऐकू आलं, तिच्या यादीत तिसरं नाव आलं होतं. शामराव. माझा भरलेला ऊर तिथल्या तिथे रिकामा झाला.

आता सुधीर आमच्या दारात आला ती गोष्ट, कारण सभांमधून सगळ्यात जास्त खोटं तिच्याबद्दल सांगितलं जातं. तो आला होता हे खरं. दुपारची वेळ होती. मी पायरीवर बसून मिरच्यांचे देठ खुडत होते आणि माझी बोटं भगभगत होती. आई आत होती, गोणपाटावर. तो फाटकातून आत आला, सायकल भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर उभा राहिला. पाच-सहा महिन्यांत तो निम्मा झाला होता, शर्ट अंगावर लटकत होता. मला वाटलं, आता हा बोलेल, आणि त्यानं तोंड उघडण्याआधीच मी त्याला बोट दाखवून गप्प केलं. मग त्याच बोटानं आतल्या खोलीकडे खूण केली. ऐक म्हणून. माझ्या मनात दया नव्हती, हे मी इथे स्पष्ट लिहिते. मला त्याला जाळायचं होतं, आणि हाताशी तेवढाच विस्तव होता.

आईचा आवाज येत होता. बापा, नत्थूच्या पोराइले शाळेत मास्तर काही बोलून तर नाही राहिले? त्याइच्या कानावर हात ठेव. बापा, सुधीर जेवतो का रे नीट? त्याची माय बी रडत असंन. बापा, तो पोरगा खोट्यात दबून मरून जाईन, त्याले असा मरू देऊ नको. त्याले तोंड दे. त्याच्या बापाले काही कळून नाही राहिलं, पण त्याले कळते, मी त्याच्या तोंडावर पाहिलं होतं त्या दिवशी. त्याले बोलाले तोंड दे, बापा.

सुधीर खाली बसला. मिरच्या पसरलेल्या चादरीच्या कडेला, मातीतच. तोंड दोन्ही हातांत धरून तो इतका हमसून रडत होता की मला भीती वाटली, आईला ऐकू जाईल आणि ती बाहेर येईल. ती आली असती तर तिनं त्याला आत घेतलं असतं, पाणी दिलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. मी त्याला हळूच म्हणाले, रडायचं असेल तर स्वतःच्या घरी जाऊन रड. तो उठला, सायकल घेतली आणि गेला. आईनं त्याला पोटाशी धरलं नाही. तिला तो आल्याचं कळलंही नाही. मी तिला कधी सांगितलं नाही, ती जाईपर्यंत नाही. हे पहिल्यांदा लिहिते आहे.

कोर्टात आई पाऊण तास उभी होती. आरोपीच्या जागी नत्थू, खाली मान घालून. तिनं सगळं सांगितलं, गिट्टी, मटार, दिवे, कोण कुठल्या बाजूनं उतरलं. शामरावांनी नत्थूसाठी लावलेल्या वकिलानं तिला फिरवून फिरवून विचारलं. तुम्ही पडला होतात, हात मोडला होता, शुद्ध तरी होती का. शेवटी त्यानं तेच काढलं. ज्याच्यासाठी रोज देवाजवळ भलं मागता, त्यालाच तुरुंगात पाठवता, हे कसं, बाई. कोणीतरी हसलं. आई म्हणाली, “त्याचं भलं मागते म्हणूनच सांगून राहिली.” न्यायाधीशांनी लिहिणाऱ्याला ते पुन्हा वाचायला लावलं.

त्यानंतर आठवड्याच्या आत सुधीर घरात कोणाला न सांगता पोलिसांत गेला आणि जीप आपण चालवत होतो असं लिहून दिलं. नत्थू सुटला. तो सावनेरला भावांकडे निघून गेला आणि पुन्हा कोणाच्या गाडीवर बसला नाही. जाण्याआधी आईला भेटायला आला तेव्हा हरभऱ्याची भाजी घेऊन आला, ओली, मातीसकट. सुधीरला शिक्षा झाली. आईची प्रार्थना ऐकली गेली असं म्हणायचं असेल तर म्हणा. मीही म्हणते. पण त्या ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेबरोबर काय काय आलं तेही म्हणा. माझ्या चिठ्ठीवर पंचांच्या सह्या झाल्या नाहीत. शाळेला क्वार्टर लागलं. बोर्डिंगच्या बाईंनी आईला सांगितलं, हात मोडलेला आहे, मोठी भांडी आता झेपायची नाहीत. हात जुळून वर्ष झालं होतं. आम्ही जरीपटक्याच्या मागे एका खोलीत आलो, आई घरोघरी पोळ्या करायला जाऊ लागली आणि मी सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागले. तिथून दोन वर्षांनी नर्सिंगला गेले, ते कोणाच्या चिठ्ठीशिवाय. पण ती दोन वर्षं मी संडास धुताना शामरावांचे ते काळे बूट डोळ्यांपुढे आणायचे, आणि ब्रश जोरात चालायचा.

सुधीर सुटून आला त्या रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना ठेवली होती. आईनं जायचं ठरवलं होतं म्हणून मी तिच्यासोबत गेले. चर्च भरलेलं. शामराव पुढे आले आणि साक्ष द्यायला उभे राहिले. देवानं आपल्या घराला आगीतून काढलं, म्हणाले, आणि त्यासाठी एका साध्या भगिनीला वापरलं. शांताबाईंची क्षमा. ही गोष्ट आपण आपल्या मुलाबाळांना सांगावी, असं ते म्हणाले, आणि लोकांनी ‘हालेलूया’ म्हटलं. गोष्ट गोड व्हायला त्या दिवशी, त्या मिनिटाला सुरुवात झाली. मग पाद्रीसाहेबांनी आईला पुढे बोलावलं. शांताबाईंनी आज मंडळीसाठी प्रार्थना करावी. मी तिचा पदर धरून ओढला. तिनं तो सोडवून घेतला आणि पुढे गेली. बाबांनी बनवलेल्या कठड्याला हात लावून ती उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

“बापा,” आई म्हणाली, “तुले सगळं ठाऊक हाये, पण इथं बसलेल्याइले ठाऊक नाही, म्हणून तुले पुन्हा सांगते. माह्या माणसाचं नाव दानिएल. तो इथं मोठ्यानं गात होता. सुधीरनं खरं सांगतलं, त्याचे उपकार मी तुह्यासमोर मानते. पण बापा, माह्या घरी चार माणसं आले होते. दानिएलनं बनवलेल्या खुर्च्यांवर बसले. मले म्हणाले, खोटं सांग. शामरावजी होते. पाद्रीसाहेब होते. मी नाही म्हणलं तर माह्या पोरीची चिठ्ठी अडवली, माह्या डोक्यावरचं छत काढलं, हातचं काम काढलं. नत्थूचं तर आज कोणी नावबी नाही घेतलं. हे म्हणतात शांताबाईनं माफ केलं. मी रोज माफी देऊन राहिली, बापा, पण कोणी घ्यालेच येऊन नाही राहिलं. सुधीर सोडून कोणी कबूलच नाही केलं. हे इथं असेच रिकामे बसून हायेत. याइले लाज दे. लाज आली की मंग तोंड दे. येशूच्या नावानं मांगते.”

प्रार्थना मधेच थांबवता येत नाही. ती चालू असेपर्यंत कोणाला उठता येत नव्हतं, डोळे उघडता येत नव्हते, खाकरताही येत नव्हतं. मी बघत होते. शामरावांचे मिटलेले डोळे थरथरत होते, गळ्यापर्यंत लाली चढली होती. पाद्रीसाहेबांनी कठड्याची दुसरी बाजू घट्ट धरली होती. आईचं संपलं आणि आमेन म्हणायची वेळ आली, आणि भरलेल्या चर्चमध्ये कोणी आमेन म्हणालं नाही. बाहेर रस्त्यावर एक रिक्षा फटफटत गेली तेवढाच आवाज. मग पहिल्या रांगेतून सुधीर उठून उभा राहिला आणि मोठ्यानं, एकटाच, आमेन म्हणाला. त्याचा बाप मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला.

आई खाली उतरली, चप्पल घातली आणि बाहेर पडली. मी मागोमाग. तिला चर्चमध्ये पुन्हा कधी पुढे बोलावलं नाही, आणि ही प्रार्थना कोणत्याही सभेत कोणीही सांगत नाही. शामराव पुढे दहा वर्षं जगले. ते आमच्या खोलीवर कधी आले नाहीत.

घरापर्यंत आम्ही चालत आलो. दारापाशी येऊन तिनं किल्ली माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. तेव्हा ती भिंतीला टेकून म्हणाली, “मले राग येत नाही असं तुले वाटते का वं, एस्तेर? लय राग येते. ज्या दिवशी याइचे नावं घेणं सोडीन ना, त्या दिवशी हातात गोटा घेऊन याइच्या घरापुढं उभी राहीन. माह्यावर माझाच भरोसा नाही, म्हणून रोज त्याच्याजवळ जाऊन बसते.”

मी कुलूप उघडलं. ती आत गेली, उंबऱ्याजवळच खाली बसली, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. त्यांचं नाव घेऊन, पोटातून, शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहतील इतक्या मोठ्यानं. मी तिच्या शेजारी बसले. काय करावं सुचेना, म्हणून ती रोज करायची ते मनातल्या मनात करून बघितलं. नत्थूचं नाव आलं. बऱ्याच वेळानं सुधीरचंही आलं. तिसऱ्या नावापाशी जीभ अडकली, आणि ती आजही तिथेच अडकलेली आहे.